बारा आठे

चैत्रात आमच्या सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच उंबऱ्यात येऊन बसतं. दारातल्या कडुलिंबाला मोहोर आलाय, त्याचा कडवट गोड वास घरभर झालाय, आणि पायरीवर बसून माझी नात मनू बाराचा पाढा म्हणतेय. तिची चौथीची परीक्षा चार दिवसांवर आली आहे. बारा एके बारापासून ती धावत सुटली, बारा सत्ते चौऱ्याऐंशीपर्यंत दमली नाही आणि तिथं अडली. मी सुपात शेंगदाणे निवडत होते. तिनं माझ्याकडं बघितलं.

"आजी, बारा आठे?"

तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला हे विचारलं, तर उत्तर तोंडातच असायला हवं. माझ्या तोंडात ते नसतं. सगळे पाढे मी पाण्यासारखे म्हणते, फक्त बारा आठेपाशी जीभ अडखळते आणि मग पुढं जाते. माझ्या वर्गातल्या मुलींना वाटायचं, बाई मुद्दाम थांबतात, आपल्याकडून वदवून घेतात. मी त्यांना तसं वाटू दिलं.

"तूच आठव," मी म्हणाले.

तिला आठवलं. मग पाढा गुंडाळून ठेवून तिनं दुसरंच काढलं. "आजी, पाचवीत गणिताच्या तासाला काय काय असतं गं?"

मी लसावि, मसावि, अपूर्णांक असं सांगायला लागले, तर म्हणाली, "ते नाही गं. वर्गात काय होतं? बाई ओरडतात का? उत्तर चुकलं तर मुली हसतात का? तुझ्या वेळी काय व्हायचं?"

"माझ्या वेळी पाट्या होत्या," एवढंच बोलून मी सूप उचललं आणि आत निघून आले. नको असलेला प्रश्न आला की आत निघून येणं ही माझी जुनी सवय आहे. घरात सगळ्यांना वाटतं, आजीला स्वयंपाकघरात काम असतं.

आमच्या वेळच्या पाट्या दगडाच्या. लाकडी चौकट, एका कोपऱ्याला भोक, त्यात दोरा आणि दोऱ्याला ओल्या फडक्याचा तुकडा. दर रविवारी कोळशानं पाटी घासून धुवायची, की सोमवारी ती काळी कुळकुळीत. मग आठवडाभर लिहा-पुसा, लिहा-पुसा, आणि शनिवार येईपर्यंत तिला एक राखी कळा यायची. पाटी पुसल्या पुसल्या ओली असते तोवर अगदी स्वच्छ दिसते. वाळली की पुसलेलं पुन्हा पुसट उमटतं. हे आम्हा सगळ्या मुलींना माहीत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. जुनं अक्षर खाली दिसत असलं तरी आम्ही त्याच्यावर नवं लिहीत असू.

मी इंग्रजी दुसरीत होते, म्हणजे आताची सहावी. मुलींचं मिडल स्कूल. त्या काळी गावात घड्याळ असलेली घरं मोजकी, पण गिरणीचा भोंगा सगळ्यांचा होता. पहिल्या भोंग्याला आई उठायची, दुसऱ्याला आम्ही, आणि उन्हाळ्यातली सकाळची शाळा असली की तिसरा भोंगा होईपर्यंत आम्ही वर्गात तरटाच्या पट्ट्यांवर मांडी घालून बसलेल्या असायचो. घरी जाताना पोटऱ्यांवर तरटाची नक्षी उठलेली असायची. परीक्षेच्या दिवसांत तर ती दुपारपर्यंत जात नसे. खिडकीतून धूळ यायची, माठातल्या पाण्याला वाळ्याचा वास यायचा, आणि फळ्यापाशी आत्या उभी असायची.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. घरी आत्या, शाळेत बाई. सोळाव्या वर्षी नवरा गेला. दादा, म्हणजे माझे वडील, कोर्टात कारकून, मिळकत बेताची, पण त्यांनी कुणाचं न ऐकता तिला पुण्याला शिकायला धाडलं, आणि ती ट्रेनिंग पास होऊन एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली. गर्द रंगाचं लुगडं, मोकळं कपाळ, हातात खडू. बाईमाणसाला गणित काय येणार, असं लोक तिच्या तोंडावर म्हणत. त्यावर तिचा एकच जबाब होता, तो म्हणजे फळ्यावर तिची कधी चूक होत नसे. मला तिनं घरी एक बेरीजसुद्धा शिकवली नाही. उद्या कुणी म्हणायला नको, भाची म्हणून पुढं काढली. उंबऱ्याबाहेर मी तिची कुणी नव्हते आणि मला त्याचा राग यायचा.

तिची एक शिस्त होती. जूनमध्ये नवी पुस्तकं आली की पहिल्या दिवशी गणिताच्या पुस्तकातली उत्तरांची पानं फाडायची. फूटपट्टी शिवणीपाशी दाबून धरायची आणि पान ओढायचं. चाळीस पुस्तकं एकदम फाटल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. सगळी पानं जमा करून आत्या त्यांना सुतळी बांधायची. "उत्तर बघून गणित करणं ही चोरी," असं दरवर्षी म्हणायची. तो गठ्ठा आमच्या माजघरात, तिच्या ट्रंकेत राहायचा. ट्रंकेची कडी ढिली होती.

आता गणिताचा तास कसा असायचा ते सांगते. आधी सगळ्यांनी मिळून पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पावपट, अर्धी, दीडपट असल्या अपुऱ्या आकड्यांचे ते पाढे. बारा दिडे अठरा, तेरा दिडे साडेएकोणीस. अर्थ कुणाला कळो न कळो, चाल मात्र पक्की होती. आणि शनिवारी चढाओढ. आम्ही बसायच्याच मुळी नंबरानं. पट्टीच्या टोकाला पहिली, तिच्या शेजारी दुसरी, अशा ओळीनं. शनिवारी बाई एक गणित घालायच्या. जिचं उत्तर बरोबर तिनं वर चढायचं आणि जिच्यावरून चढली तिचं डाव्या हातानं नाक धरून उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. ती पद्धत साऱ्या शाळांतून होती, आमच्या आत्यानं काढली नव्हती. मुली सहसा हळूच मारायच्या, टाळी वाजवल्यासारखं. आज मी मारीन, उद्या ही मारील, एवढा हिशेब बारा वर्षांच्या मुलींनाही कळतो.

त्या वर्षी पहिल्या दोन जागा दोघींत फिरायच्या. एक मी, आणि दुसरी राजव्वा.

रजिस्टरात तिचं नाव राजूबाई लावलं होतं. घरी आणि माझ्या तोंडी ती राजव्वा. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या वस्तीतली. तिच्या घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग होता आणि बाहेर गल्लीभर खळ लावलेलं सूत ताणून वाळत घातलेलं असायचं. शाळेला येण्याआधी ती रहाटावर कांड्या भरून यायची, त्यामुळे तिच्या बोटांना कायम खळीचा आंबूस वास. तिचे वडील स्वतः मागावर बसत, पण पोरीला इंग्रजी शाळेत घालायचंच या हट्टाला पेटलेले. ती आकडेमोड करायची तेलुगूत, ओठांतल्या ओठांत, ओकटी, रेंडु, मूडु, आणि उत्तर द्यायची मराठीत. मला ती मागावरच्या रंगीत दोऱ्यांचे तुकडे आणून द्यायची, लाल, जांभळे, हिरवे. मी ते वेणीला बांधत असे. तिच्या दारापर्यंत मी रोज जाई. आत जाऊन पाणी पिऊ नये अशी घरून ताकीद होती आणि मी ती पाळत असे. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा वाटलं नाही, हेही इथं लिहून ठेवते.

राजव्वाचं एकच दुखणं होतं. तिला रीत मांडता येत नसे. त्रैराशिक मांडा म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. उत्तर मात्र केव्हाच तयार असे.

"राजूबाई, हे उत्तर काय आभाळातून पडलं?" आत्या विचारायची.

"डोक्यातनं पडलं की, बाई," राजव्वा म्हणायची आणि वर्ग हसायचा. आत्याही हसू दाबायची. मला ते आवडत नसे. मी पाटी भरून रीत मांडत असे, आणि माझ्या गणिताकडं बघून आत्या कधी अशी हसली नव्हती.

त्या वर्षातल्या शेवटच्या चढाओढीची ही गोष्ट. त्या दिवशी जी पहिली ठरेल तिचं नाव गणितात पहिली म्हणून वर्गातल्या लाकडी फळीवर रंगवायचं होतं, आणि ते पुढचं अख्खं वर्ष तिथं राहणार होतं. मी पहिल्या जागेवर होते, राजव्वा दुसऱ्या. शुक्रवारी आत्यानं सांगितलं, पुस्तकातल्या शेवटच्या दहा गणितांतलं एक घालीन.

शुक्रवारी दुपारी मी दहाही गणितं सोडवली. आत्या शेजारी हळदीकुंकवाच्या घरी मदतीला म्हणून गेली होती, मागच्या दारानं. माजघरात कुणी नव्हतं. मी ट्रंक उघडली. मला चोरी करायची नव्हती, फक्त ताळा बघायचा होता, असं मी स्वतःला सांगितलं. गणितं आधीच केलेली आहेत, मग ही चोरी कशी? नऊ उत्तरं जुळली. दहावं जुळलं नाही.

ते गणित मला आजही शब्दशः येतं. बारा मजूर एक बांध वीस दिवसांत घालतात. आठ दिवस काम झाल्यावर चार मजूर निघून गेले. तर राहिलेलं काम किती दिवसांत पुरं होईल? माझं उत्तर अठरा. छापलेलं उत्तर सोळा. मी पुन्हा केलं, अठरा. उलटीकडून केलं, अठरा. मनू आता करून बघेल तर तिलाही अठराच येईल. पण छापलेल्या अक्षराचा तेव्हा असा काही वचक होता की आपण तीनदा अठरा काढले म्हणून पुस्तक चुकलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किंवा आलं, आणि मी ते येऊ दिलं नाही. इतक्या वर्षांनी खरं काय ते मलाही नक्की सांगता येत नाही.

शनिवारी आत्यानं नेमकं तेच घातलं.

माझ्या हातानं आपसूक अठरा लिहिले. पूर्ण रीत मांडून, खाली दोन रेघा ओढून. मग मला छापलेला सोळा आठवला. मी फडकं काढलं आणि पाटी पुसली. आता सोळा आणायचे तर कुठंतरी लबाडी करायला हवी. एकूण काम बारा विसे दोनशे चाळीस, ते ठीक. आठ दिवसांत झालेलं काम बारा आठे. तिथं मी एकशे बारा लिहिले. दोनशे चाळिसातून एकशे बारा गेले, राहिले एकशे अठ्ठावीस, भागिले आठ, सोळा. बारा आठे शहाण्णव हे मी चौथ्या वर्षापासून म्हणत आले होते. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी शहाण्णवच म्हणाले असते. त्या दिवशी पूर्ण जागेपणी, टवटवीत सकाळी, मी एकशे बारा लिहिले.

आत्या गठ्ठ्यातलं पान हातात घेऊन ओळीनं पाट्या बघत निघाली. शेवटून. बऱ्याच जणींनी बारा लिहिले होते, चार मजूर गेल्याचं विसरूनच. काहींच्या पाट्या कोऱ्या. राजव्वापाशी ती आली.

"अठरा? चूक."

"बाई, अठराच येतंय की," राजव्वा म्हणाली.

"पुस्तकात सोळा आहे. रीत कुठाय तुझी?"

"रीत न्हाय बाई, पण लई सोपं हाय." राजव्वा उठून उभी राहिली. "आट दिवस झाले, म्हंजे बारा जणांचं अजून बारा दिवसांचं काम ऱ्हायलं. आता मानसं आटच हायत. बारा जणांचं काम आटांनी करायचं म्हंजे दीडपट येळ लागनार की. बाराची दिडकी अठरा."

आत्यानं हातातल्या पानाकडं बघितलं, मग राजव्वाकडं, मग परत पानाकडं. तिच्या कपाळावर आठी आली. मी आत्याला चांगली ओळखत होते. अजून एक क्षण गेला असता तर ती खडू घेऊन फळ्याकडं वळली असती आणि तिनं ते गणित सगळ्यांसमोर सोडवलं असतं. तसं झालं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

पण तेवढ्यात तिची नजर माझ्या पाटीवर गेली. पाटी नुकतीच पुसून लिहिलेली, अजून ओलसर. त्यावर सुबक रीत आणि शेवटी सोळा. आत्यानं मधल्या ओळी वाचल्या नाहीत. भाचीवर तिचा तेवढा विश्वास होता. तिची आठी गेली, आणि मला कधी न दिसलेलं हसू तिच्या तोंडावर आलं. ते माझ्यासाठी होतं.

"हे बघ. पुस्तकही सोळा म्हणतंय आणि सिंधूही. चढाओढीचा नियम ठाऊक आहे ना? सिंधू, ऊठ."

पहिलीनं मारायचं कारण नव्हतं खरं तर, मी कुणावर चढले नव्हते. पण उत्तराला उत्तर करणाऱ्या मुलीला समज द्यायला हवी असं आत्याला वाटलं असणार. मी उठले. राजव्वाचं नाक धरलं. ते घामानं ओलं होतं. मला हळू मारता आलं असतं. नेहमी आम्ही एकमेकींना हळूच मारत होतो. मी जोरात मारलं, इतकं की माझा तळवा हुळहुळला आणि तिच्या कानातलं बुगडीसारखं काहीतरी खाली पडलं. तिनं ते वाकून उचललं. ती रडली नाही. तिनं माझ्या तोंडाकडंही बघितलं नाही. ती माझ्या मांडीशेजारी पडलेल्या पाटीकडं बघत होती.

का मारलं इतकं जोरात? हा प्रश्न मी स्वतःला खूपदा विचारला आहे आणि त्याचं उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ती बरोबर होती म्हणून.

घरी आल्यावर आत्यानं मला भाकरीवर शेंगाचटणी आणि चटणीवर तेलाऐवजी लोण्याचा गोळा दिला. मी तो खाल्ला. सांगायचं तर ट्रंक उघडल्याचं सांगावं लागणार होतं, एकशे बारांचं सांगावं लागणार होतं, आणि बाईंची चूक झाली हे चाळीस मुलींसमोर येणार होतं. आत्याची अब्रू जाईल म्हणून मी गप्प बसले, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. ते खोटं आहे. मला फळीवर माझं नाव हवं होतं. ते पांढऱ्या रंगात रंगवलं गेलं, आणि रंग वाळेपर्यंत मी तिथं उभी राहिले.

त्यानंतर परीक्षेपर्यंत जेमतेम तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत राजव्वा बदलली. कधी कुणाच्या पाटीकडं ढुंकून न बघणारी ती मुलगी, गणित घातलं की मान वळवून माझ्या पाटीकडं बघायला लागली. रोज. मी फडक्याला हात घातला की तिची नजर तिथं खिळायची. मला वाटलं, आपण हिचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच मोडला, आता ही बिचारी माझं बघून लिहिते. मी पाटी तिरकी धरून तिला नीट दिसेल अशी ठेवत असे. तेवढ्यानं भरपाई होईल असं मला वाटत होतं. दोऱ्यांचे तुकडे मात्र तिनं पुन्हा आणले नाहीत.

परीक्षा झाली, सुट्टी लागली, आणि जूनमध्ये राजव्वा शाळेत आली नाही. तिचं लग्न ठरल्याचं कुणीतरी सांगितलं. ते तसंही ठरलं असतं, त्या वयात तिच्या वस्तीतल्या मुली शाळेत राहत नसत. पण या आधारावर मी कधी सुखानं टेकले नाही.

जूनमध्ये आणखी एक झालं. पुस्तकाची नवी छपाई आली, पानं फाडली गेली, आणि एकदा आत्या देवळात गेलेली बघून मी पुन्हा ट्रंक उघडली. नव्या पानावर अठरा छापलं होतं. खाली जुना गठ्ठा होता. त्यातल्या सोळावर लाल शाईची बारीक रेघ मारून शेजारी आत्याच्या अक्षरात अठरा लिहिलेलं होतं. म्हणजे तिला कळलं होतं. तिनं वर्गात काही सांगितलं नाही. फक्त त्या वर्षापासून तिनं थोबाडीत मारायची पद्धत बंद केली, कारण न सांगता. मुली म्हणाल्या, बाई मऊ झाल्या. आम्ही दोघी त्यानंतर वीस वर्षं, माझ्या लग्नानंतरही, एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो, आणि त्या गणिताबद्दल एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिच्या उशाशी बसायची. एकदा ती म्हणाली, "सिंधू, ती राजूबाई कुठं असते गं?" मी म्हणाले, "कोण जाणे." आणि आत निघून गेले.

कोण जाणे म्हणाले खरं, पण मला माहीत होतं. सोलापूर काही एवढं मोठं नाही. बाजारात मी तिला तीनदा पाहिलं होतं. एकदा कडेवर मूल, एकदा डोक्यावर सुताचं गाठोडं, एकदा केस पांढरे झालेले. तिन्ही वेळा मी रस्ता ओलांडला.

आणि स्वतः बाई झाल्यावर मी वर्गात काय करत होते? दर जूनमध्ये नव्या मुलींना मी हीच गोष्ट सांगत होते. पुस्तकात चुकीचं उत्तर छापलं होतं, एका हुशार मुलीनं डोक्यानं बरोबर उत्तर काढलं, तर तिलाच मार बसला, म्हणून मुलींनो, छापलेल्यापुढं मान तुकवू नका. मुली हळहळायच्या. त्या गोष्टीत एक चूक छापणाऱ्याची होती, एक बाईंची होती. पहिल्या नंबरावर बसलेल्या मुलीची पाटी मी गोष्टीतून काढून टाकली होती. तीस वर्षं मी या गोष्टीवर चांगली बाई म्हणून नाव मिळवलं. लाज कशाची वाटते असं मला कुणी विचारलं तर त्या माराच्या आधी मी हे सांगेन.

मनूनं विचारलं, वर्गात काय होतं. तिला मी पाट्या होत्या म्हणून सांगितलं आणि आत आले, पण या वेळी आत काही करायला सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून विणकरांच्या वस्तीत गेले.

गल्लीत आता सूत ताणलेलं नसतं. घराघरांतून यंत्रमाग धडधडतात, बोलायचं तर ओरडावं लागतं. राजव्वाचं घर पोरांनी लगेच दाखवलं. ती ओसरीवर बसली होती, वाळकी, ताठ, पुढ्यात चादरीचा नमुना पसरलेला, आणि बोटानं धागे मोजत ओठ हलत होते. मी नाव सांगितलं. तिनं डोळे बारीक करून बघितलं, मग आत तोंड करून "नीळ्ळु तीसुकुरा" अशी हाक दिली. नातसुनेनं पाण्याचा तांब्या आणला. त्या घरचं पाणी मी आयुष्यात पहिल्यांदा प्याले.

"किती साल झालं गं सिंदू," ती म्हणाली. "मास्तरीण झालीस म्हनं. ऐकलं हुतं."

"तू काय करतेस?"

"हेच की. चादरीचं डिझाइन बसवायचं झालं की पोरं माज्याकडंच येत्यात. किती धागं, कुटं फूल, समदं डोक्यात."

मला वाटत होतं, तिचं गणित मी मोडलं. पन्नास वर्षं मी ते ओझं जपून वाहिलं होतं, आणि इथं तिचं गणित चादरीवर फुलं काढत बसलं होतं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. ट्रंक, छापलेला सोळा, एकशे बारा. "राजव्वा, माझंही अठराच आलं होतं. मी पुसलं."

"म्हाईत हाय की," ती म्हणाली.

मला वाटलं यंत्रमागांच्या आवाजात मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"तुजी पाटी वाळली नव्हं का. सोळाच्या मागं अठरा वर आलं. मी शेजारीच हुते."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? बाईंना का नाही दाखवलंस?"

"मी कशाला? पाटी तुजी हुती."

मी हातातला तांब्या खाली ठेवला. "आणि त्यानंतर रोज माझ्या पाटीत बघायचीस ते? मला वाटायचं, तुझा तुझ्या उत्तरावरचा भरवसा गेला."

राजव्वा हसली. दात उरले नव्हते, पण हसू तेच, बाईंना उत्तर देतानाचं. "माजं उत्तर बरुबर हाय का बगाय तुजी पाटी कशाला लागती गं?" तिनं चादरीवरचं बोट जागचं हलू दिलं नाही, मोजलेलं चुकेल म्हणून. "आज सांगशील, उद्या सांगशील, म्हनून बगत हुते. तू फडकं उचललंस की वाटायचं, आता पुसती आन् खरं लिवती. परीक्षेपत्तुर वाट बगितली. मग सुट्टी लागली."